आगोटीची बेगमी

नागोठणे आणि रोह्यामधल्या निडीच्या परिसरात, अख्ख्या रायगड जिल्ह्यासारखीच, मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग असे.

पावसात वाटा बंद होत, होड्या किनाऱ्यावर चढत, ताजी मासळी दुर्मीळ होई. म्हणून चार महिन्यांचे जेवण उन्हाळ्यातच ठरे. कणगीत भात, डब्यात कडवे वाल, आढ्याला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, पेणचे पापड, मिठागरातले मीठ, आमसुले. आणि सुकट, सोडे, बोंबील तर हवेतच. मूठभर सुकटीत घरादाराचे कालवण निघे.

हा सारा हिशेब घरच्या बाईच्या डोक्यात असे. त्याचे श्रेय तिला क्वचितच मिळाले.

आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. म्हणून आजही सुकी मासळी भरायची तर मे महिन्यातच भरावी.