नांदीनंतरचा रॉक

मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंग सांगलीत. सेकंड इयरच्या गॅदरिंगला आम्ही एका नाट्यपदाला गिटार आणि ड्रम्स जोडले. अंतरा सुरू व्हायच्या आत माईक बंद झाला. ‘नाट्यपंढरीत हे चालायचं नाही,’ असं नंतर विंगेत ऐकवण्यात आलं. गिटार सुरात नव्हती, हे कबूल. पण नाट्यपंढरी हा शब्द डोक्यात राहिला.

या पंढरीची सुरुवात १८४३ची, विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’ची. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. म्हणजे मुळातच बाहेरून आलेलं.

१९७८चा ‘तीन पैशाचा तमाशा’ही असाच लांबून आला. पु. ल. देशपांडे यांचं रूपांतर, पुण्याची थिएटर अकॅडमी, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ नाटक ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं, १९२८, बर्लिन. त्याच्याही मागे जॉन गे यांचा १७२८चा लंडनमधला ‘बेगर्स ऑपेरा’. लंडनचे श्रीमंत तेव्हा इटालियन ऑपेरावर फिदा होते. गे यांनी चोर-दलाल रंगमंचावर आणले आणि त्यांच्या तोंडी लोकांच्या ओठांवरच्या चाली दिल्या. वाइलनी जॅझ आणि कॅबरेचे सूर घेतले. पुलंच्या तमाशात नाट्यगीत आणि लावणीच्या शेजारी पॉप-रॉक येऊन बसलं.

ते आणलं अंकुशची भूमिका करणाऱ्या नंदू भेंडे यांनी. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेरात ज्यूडास झालेला. संगीत नाटकात गायकाला वन्स मोअर मिळताना पात्राचे गुन्हे विसरले जातात. ब्रेख्तला नेमकी तीच गुंगी नको होती. माझ्या मते, ओळखीच्या सुरांमध्ये तो परका गळा प्रेक्षकाला जागं ठेवतो: हा माणूस आपल्यातला नाही, आणि तरी आवडतोय.

‘द डोअर्स’ या बँडनेही १९६७मध्ये ब्रेख्त-वाइल यांच्या ‘महागनी’तलं ‘अलाबामा साँग’ उचललं. झकास वाजवलं, पण फक्त गाणं; गोष्ट मागेच राहिली.

आमचंही तेच झालं होतं. कोण गातंय, कुणासाठी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. नुसता आवाज वाढवला होता. माईक बंद करताना हे कारण दिलं असतं, तर मी गिटार गुपचूप पिशवीत घातली असती.