पाणबुडी विकत मिळते, ती बांधणारा हात मिळत नाही

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. पाणबुड्यांवर आपल्याकडे पोस्ट येतात त्या बहुतेक 'शत्रूला धडकी' छापाच्या. मी कागलचा, आयुष्य पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगच्या क्वालिटी तपासणीत गेलं. त्यामुळे मला बातमी वाचताना टॉर्पेडोपेक्षा वेल्डिंग आधी दिसतं. आजची गोष्टही वेल्डिंगचीच आहे, फक्त ती माझगाव डॉकमधली आहे.

आधी थोडं तंत्र. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी म्हणजे काय? डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तिथं इंजिन बंद. मग बोट चालते बॅटऱ्यांवर आणि विजेच्या मोटरवर. बॅटऱ्या उतरल्या की बोट पृष्ठभागाजवळ येते, स्नॉर्कल नावाची नळी पाण्याबाहेर काढते, तिच्यातून हवा ओढून डिझेल सुरू करते आणि बॅटऱ्या भरून घेते. धोका नेमका याच वेळी असतो. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज पाण्यात लांब जातो.

बॅटरीचा हिशोब तर आपल्या मोबाइलपेक्षा वाईट. पाण्यात वेग दुप्पट केला की ताकद साधारण आठपट लागते. म्हणजे हळूहळू सरकत राहिलं तर दोन-तीन दिवस खाली राहता येतं, आणि पूर्ण वेगानं पळालं तर तासा-दोन तासांत बॅटरी संपते. म्हणून या बोटीचं काम दबा धरून बसणं. अणुपाणबुडी महिनोन् महिने खाली राहू शकते, पण तिच्या अणुभट्टीची यंत्रणा पूर्ण थांबवता येत नाही. डिझेलवाली बॅटरीवर गेली की जवळजवळ मुकी होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली 'खुकरी' बुडाली, ती पाकिस्तानच्या 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीनंच बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यामुळे 'डिझेलवाली म्हणजे जुनी, स्वस्त' असं कुणी म्हणालं तर त्याला हा आकडा सांगा.

आता बांधण्याकडे येऊ. ३०० मीटर खोल गेल्यावर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टन दाब येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर घरातल्या छोट्या चटईएवढ्या जागेवर उसानं भरलेले पंधरा-वीस ट्रक एकावर एक. हा भार सोसतं ते खास पोलादाचं गोल नळकांडं. त्याच्या कड्या वेगवेगळ्या बनवतात आणि एकमेकींना वेल्ड करतात. गोलाईत जरासा फरक पडला किंवा एका सांध्यात बारीक भेग राहिली, तर आतली माणसं वर येत नाहीत. म्हणून वेल्ड तपासायचा, दोष निघाला तर खरवडून काढायचा आणि पुन्हा भरायचा. हे पुस्तक वाचून येत नाही. ते हातात बसावं लागतं.

आपल्याकडे हा हात कसा तयार झाला ते बघा. पहिली 'कलवरी' आपण सोव्हिएत रशियाकडून घेतली, ८ डिसेंबर १९६७ ला. म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. त्यानंतर आलेल्या सगळ्या तयारच होत्या. मग ११ डिसेंबर १९८१ ला पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन बोटी जर्मनीत कील बंदरात बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये, आणि पुढं आणखी दोन बांधायची मुभा. आपली माणसं कीलला गेली, शिकली, परत आली. कीलला बांधलेल्या 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. मुंबईत बांधलेली 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ ला नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. 'शंकुल' आली २८ मे १९९४ ला.

या बोटींतली एक गोष्ट मला फार आवडते. आत एक मोठा पोलादी गोळा बसवलाय. बोट अडकली तर सगळे चाळीस जण त्यात शिरायचे आणि गोळा सुटून वर यायचा. असली वस्तू आपल्या मुंबईत बांधली गेली होती, तीसेक वर्षांपूर्वी!

मग पुढच्या दोन बोटींचं काय झालं?

१९८७ साली या व्यवहारात सात टक्के दलाली दिल्याचा संशय पुढं आला. संरक्षणमंत्री होते व्ही. पी. सिंग. त्यांनी एप्रिलमध्ये चौकशीचा आदेश दिला आणि १२ एप्रिलला राजीनामा. त्याच महिन्यात बोफोर्स गाजायला लागलं. पुढचं राजकारण तुम्हाला माहीत आहे. सीबीआयचा तपास वर्षानुवर्षं चालला, कुणावरही गुन्हा शाबित झाला नाही. पण पाचवी आणि सहावी बोट रद्द झाली. 'शंकुल' संपली आणि माझगावची पाणबुडीची लाइन बंद पडली.

बंद पडली म्हणजे शेडला कुलूप लागलं एवढंच नव्हे. आमच्या भागात मी एक फौंड्री बघितली आहे, नाव घेत नाही. ऑर्डरी थांबल्या, मोल्डर पांगले. कोण शेतीला लागला, कोण दुसऱ्या गावाला गेला. काही वर्षांनी ऑर्डर परत आली. साचे तेच, भट्टी तीच, वाळू तीच, आणि रिजेक्शनचा ढीग लागला. वाळूत ओल किती हवी हे मुठीत दाबून सांगणारा माणूसच राहिला नव्हता. मशीन झाकून ठेवता येतं हो, माणूस झाकून ठेवता येत नाही. जनरेटरच्या भाषेत सांगायचं तर हे लोडशेडिंग नव्हतं, लाइनच कापली होती.

नौदलाचं काम तोवर भागलं ते रशियाकडून घेतलेल्या तयार 'सिंधू' मालिकेच्या दहा बोटींवर. कारगिलच्या वर्षी, १९९९ ला, सरकारनं तीस वर्षांची योजना मंजूर केली. दोन लाइनींवर मिळून २०३० पर्यंत २४ पाणबुड्या बांधायच्या. कागदावर उत्तम. करार व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडलं. यावेळी फ्रान्सची स्कॉर्पीन, सहा बोटी, सगळ्या माझगावला. १४ डिसेंबर २००६ ला पहिलं पोलाद कापलं. नवी 'कलवरी' नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला, बरोबर अकरा वर्षांनी. मूळ वेळापत्रकात ती २०१२ ला यायची होती. 'शंकुल' ते 'कलवरी', २३ वर्षं. १९९४ ला पंचविशीत असलेला वेल्डर २०१७ ला पन्नाशीला टेकला. नवं पोलाद, नवं डिझाइन, नवी पोरं, सगळं पहिल्यापासून.

या मधल्या काळाची किंमत कुणी मोजली? फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळ समुद्रात 'सिंधुरत्न' मध्ये आग लागून धूर भरला, दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्या एका अपघाताचं खापर मी १९८७ वर फोडणार नाही. पण नव्या बोटी वेळेत आल्या नाहीत की जुन्या जास्त वर्षं वापराव्या लागतात आणि त्यांच्या पोटात आपलीच पोरं बसतात, एवढं तर खरं. १९८६ च्या 'शंकुश' चं आयुष्य वाढवायला जून २०२३ मध्ये माझगाव डॉकशी २,७२५ कोटींचा करार झाला.

आणि आपण शिकलो का? स्कॉर्पीनसाठी इटलीचे ब्लॅक शार्क टॉर्पेडो ठरले होते. हेलिकॉप्टर प्रकरणात त्याच उद्योगसमूहाचं नाव आलं आणि २०१६ ला तो व्यवहार रद्द. मग नव्याकोऱ्या 'कलवरी' ला शिशुमारसाठी घेतलेले जुने टॉर्पेडो दुरुस्त करून द्यावे लागले. फ्रेंच कंपनीकडून नवे टॉर्पेडो जोडून घ्यायचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये.

काही जण विचारतील, मग काय भ्रष्टाचार चालू द्यायचा? अजिबात नाही. दलाली खाणाऱ्याला धरा, शिक्षा करा, पैसे वसूल करा. पण आपल्याकडे उलटं झालं. ज्यांच्यावर संशय होता त्यांना काही झालं नाही, आणि ज्यानं इमानदारीनं सांधे भरले त्या कामगाराची लाइन बंद झाली. दूध संघात घोटाळा झाला तर आपण संचालकाला जाब विचारतो. म्हशी विकून टाकत नाही.

आज काय स्थिती आहे? 'कलवरी', 'खांदेरी', 'करंज', 'वेला', 'वागीर' आणि १५ जानेवारी २०२५ ला 'वागशीर'. सहाही झाल्या. 'खांदेरी' हे नाव ऐकून छाती फुगते, महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून वसवलेला तो जलदुर्ग. बोट ६७ मीटर लांब, सहा टॉर्पेडो नळ्या, १८ शस्त्रं, पाण्याखाली वेग ताशी ३७ किलोमीटर. अंबरनाथच्या नौदल साहित्य प्रयोगशाळेनं फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा बनवली आहे, हवा न घेता वीज तयार करणारी. मार्च २०२१ मध्ये जमिनीवर ती यशस्वी झाली. बोटीत बसली की स्नॉर्कलसाठी सारखं वर यावं लागणार नाही. ती बोटीत बसवायचा भाग बांधण्यासाठी माझगावला डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १,९९० कोटींचं काम मिळालं. हे सगळं अभिमानाचंच आहे.

पण तारखा नीट बघा. 'वागशीर' चं जलावतरण झालं २० एप्रिल २०२२ ला. म्हणजे तिच्या कवचाचं वेल्डिंग त्याच्याही आधी संपलेलं. आणखी तीन स्कॉर्पीनना प्राथमिक मंजुरी मिळाली जुलै २०२३ मध्ये, आणि मंजुरी म्हणजे ऑर्डर नव्हे. पुढच्या सहा बोटींसाठी माझगाव डॉक आणि जर्मन कंपनीबरोबर वाटाघाटी सुरू झाल्या २०२५ मध्ये. ही जर्मन कंपनी कोण? कीलचीच. एचडीडब्ल्यू पुढं ज्या समूहात गेली तीच. १९८७ ला ज्या दारावर फुली मारली, जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच दाराशी आपण शिकायला उभे. शेजारी मात्र थांबलेला नाही. पाकिस्ताननं चीनकडून आठ पाणबुड्या घेतल्यात, त्यातल्या चार कराचीत बांधायच्या. तिथली पोरंही आता वेल्डिंग शिकणार.

म्हणून आपल्या खासदारांना एकच प्रश्न विचारायचा, पक्ष कुठलाही असो. किती कोटींची ऑर्डर दिली ते नको. आधीच्या बोटीचं शेवटचं वेल्डिंग आणि पुढच्या बोटीचं पहिलं पोलाद, यांच्यात किती वर्षं गेली ते सांगा.

माझगाव डॉकमध्ये कोल्हापूर, सांगली, कोकणातली बरीच माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी शल्की-शंकुलवर काम केलं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढं. नवीन पोरांना ते वाचायला मिळायला पाहिजे.