गाडी उभी कुठे करायची?

२० मे १८९९. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरून सुसाट निघालेल्या एका टॅक्सीचा सायकलस्वार पोलिसाने पाठलाग केला, तिला गाठलं आणि चालकाची रवानगी थेट कोठडीत केली. ‘सुसाट’ म्हणजे ताशी १२ मैल, आपल्या हिशेबाने १९ किलोमीटर. मुभा होती आठ मैलांची. वेगमर्यादा मोडल्याबद्दल अमेरिकेत झालेल्या अगदी सुरुवातीच्या अटकांमध्ये हा प्रसंग मोजला जातो, आणि ती टॅक्सी विजेवर चालणारी होती. लंडनने तर त्याआधीच बाजी मारली होती. १० सप्टेंबर १८९७ रोजी दारू पिऊन मोटार चालवली म्हणून तिथे ज्याला दंड झाला, तोही विजेच्याच टॅक्सीचा चालक. पेट्रोलची गाडी या दोन्ही मानांना मुकली.

त्या काळी यात नवल नव्हतं. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६, बाकीच्या वाफेवरच्या. विजेच्या गाडीला हँडल मारावं लागत नसे, धूर नसे, गिअरची कटकट नसे. मग ती हरली कशी? पल्ला कमी, बॅटरी जड, पेट्रोल स्वस्त झालं, ही उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत आणि ती खरीही आहेत. पण तो काळ जरा जवळून पाहिला की आणखी एक अडचण पुन्हा पुन्हा आडवी येते. वीज शहरात येऊन पोचली होती. गाडी चार्ज होईपर्यंत तासन्‌तास उभी कुठे करायची आणि त्या जागेवर हुकूम कोणाचा, एवढंच सुटत नव्हतं. चार्जिंगचा इतिहास विजेपेक्षा जागेचाच जास्त आहे.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी कंपनीने यावर काढलेला तोडगा आजही थक्क करतो. मार्च १८९७ मध्ये डझनभर गाड्यांनिशी सुरू झालेला हा धंदा पुढे ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’च्या हाती गेला आणि तिने ब्रॉडवेवर मोठा डेपो थाटला. रिकामी झालेली टॅक्सी आत यायची, ठरलेल्या जागी अचूक उभी केली जायची आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने तिच्या पोटातली बॅटरी बाहेर ओढली जायची. अर्ध्या टनाहून जड असलेली ती पेटी यारीने उचलून चार्जिंगच्या दालनात जाई आणि तिच्या जागी भरलेली पेटी बसे. काही मिनिटांत टॅक्सी पुन्हा भाडं मारायला मोकळी. डाकेच्या टप्प्यावर दमलेला घोडा बदलून ताजा जुंपावा, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे टप्पा एकच होता. टॅक्सी कुठेही गेली तरी तिला फिरून ब्रॉडवेवर यावंच लागे.

लंडनमध्ये वॉल्टर बर्सी या तरुण इंजिनिअरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑगस्ट १८९७ मध्ये रस्त्यावर आल्या. त्यांचा डेपो थेम्सच्या दक्षिणेला, लँबेथमधल्या जक्सन स्ट्रीटवर. तिथेही बॅटऱ्या बदलण्याचीच सोय होती. दोन वर्षांत तो खेळ आटोपला. हादऱ्यांनी बॅटरीच्या पट्ट्या खराब होत, वजनाने टायर झिजत, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना. न्यूयॉर्कची कंपनी आणखी काही वर्षं तगली, पण तिचंही १९०७ मध्ये दिवाळं वाजलं.

खासगी मालकांचं बरं चाललं होतं, कारण ते श्रीमंत होते आणि त्यांच्याकडे स्वतःची जागा होती. बॅटरीला लागते डीसी वीज. शहराच्या गाभ्यात एडिसनच्या कंपन्यांची डीसी मिळायची, पण बंगल्यांच्या उपनगरांत एसी पोचत होती. ही दरी भरून काढली ती पीटर कूपर ह्यूइटने १९०२ मध्ये शोधलेल्या, एसीची डीसी करणाऱ्या पाऱ्याच्या रेक्टिफायरने. मोठ्या भोपळ्याएवढा काचेचा बंद फुगा, तळाशी पारा, आणि वीज सुरू केली की आत निळसर-जांभळा प्रकाश नाचू लागे. रात्री गॅरेजमध्ये हा फुगा उजळत राही आणि सकाळी गाडी तयार. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा अशीच एक ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवायची. ज्याने पेट्रोलची गाडी घराघरांत नेली त्याच्याच घरात विजेची गाडी असावी, हा किस्सा सांगायचा मोह कोणाला आवरत नाही. पण क्लाराबाईंकडे गॅरेज होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांचं काय? जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९००च्या सुमारास फुटपाथवर बसवायचा एक खांब पुढे आणला. वर नाणं टाकायचं, खालून वीज घ्यायची. कल्पना आजच्या चार्जरची थेट पूर्वज म्हणावी अशी, पण ती फुटपाथवर रुजली नाही.

याउलट पेट्रोलला सुरुवातीला पंपाची गरजच नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह जर्मनीत शंभरावर किलोमीटरच्या प्रवासाला निघाली, तेव्हा वाटेत वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं. पुढे कितीतरी वर्षं पेट्रोल किराणा आणि लोखंडी सामानाच्या दुकानांत डब्यांतून विकलं जाई. डबा उचलून गाडीजवळ नेता येतो. विजेकडे मात्र गाडीलाच जावं लागतं, आणि गेल्यावर थांबावं लागतं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेच्या स्टार्टरने सुरू होणारं इंजिन आणलं, हँडल मारण्याचा जाच संपला आणि विजेच्या गाडीची उरलीसुरली ऐटही गेली.

तरीही एक प्रयोग चांगला जमला होता, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीने ट्रकमालकांना सांगितलं, तुम्ही गाडी घ्या, बॅटरी आमची. गाडी बॅटरीविना विकत घ्यायची, महिन्याला ठरावीक शुल्क भरायचं आणि जितके मैल चालेल तितके पैसे मोजायचे. रिकामी बॅटरी कंपनी बदलून देणार. १९२४ पर्यंत चाललेल्या या योजनेत ट्रकांनी ६० लाखांहून अधिक मैल कापले. यशाचं कारण सरळ होतं. ट्रक शहरातल्या शहरात फिरत, रोज त्याच आवारात परतत, आणि ते आवार वीज कंपनीच्या ताब्यात होतं.

मधली काही दशकं या विषयात सांगण्यासारखं थोडंच आहे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने प्रदूषणमुक्त गाड्यांची सक्ती केली आणि चार्जिंग पुन्हा चर्चेत आलं. या वेळी भांडण प्लगचं होतं. जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही१’मध्ये टेबल टेनिसच्या बॅटसारखं चपटं पॅडल खोचलं की धातूला धातू न लागता, चुंबकीय क्षेत्रातून वीज जाई. फोर्ड आणि होंडाचे प्लग निराळे, धातूच्या पिनांचे. पार्किंगमध्ये शेजारीशेजारी दोन खांब, आणि चुकीच्या खांबासमोर उभा राहिलेला माणूस हात हलवत परत जाई. २००१ मध्ये मंडळाने पिनांच्या बाजूने कौल दिला. पॅडलचे खांब भंगारात निघाले, आणि लवकरच त्या गाड्याही.

भारतीय गाडीला रस्त्याकडेचं चार्जिंग पहिल्यांदा चांगलं लाभलं ते लंडनमध्ये. २००१ मध्ये बेंगळुरूत विक्रीला आलेली चेतन मैनी यांची इवलीशी ‘रेवा’ तिकडे ‘जी-विझ’ नावाने गेली. २००३ पासून मध्य लंडनमध्ये शिरायला गर्दीचा कर भरावा लागे. विजेच्या गाड्यांना तो माफ होता. वेस्टमिन्स्टर भागात २००६ मध्ये रस्त्याच्या कडेला चार्जिंगचे खांब उभे राहिले. गाडीची टवाळी खूप झाली, पण तिच्या मालकांना गर्दीच्या शहरात आयती हक्काची जागा मिळत होती. इकडे बेंगळुरूत रेवावाले घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला वायर लावून रात्र काढत होते.

मग आलं नागपूर. २६ मे २०१७ रोजी देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत विजेच्या गाड्यांचा मोठा प्रकल्प तिथे सुरू झाला. ओला कंपनीचा पुढाकार, २०० वाहनं, त्यांतल्या १०० महिंद्राच्या ‘ई२ओ प्लस’. चार ठिकाणी मिळून पन्नासावर चार्जिंग पॉइंट उभारायचं ठरलं होतं. नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पेट्रोल पंपावरही चार्जर बसला आणि देशभर त्याचं कौतुक झालं. खरं तर तिथेच प्रश्नाची मेख होती. पंपाची जागा पाच मिनिटांत निघून जाणाऱ्या गाड्यांसाठी आखलेली असते. तासभर ठिय्या देणाऱ्या गाडीला तिथे कोण विचारतो?

वर्षभरात बातम्यांचा सूर बदलला. टॅक्सीवाले रांगेत तिष्ठत होते. टॅक्सीच्या धंद्यात उभी गाडी म्हणजे तोटा, मग वीज कितीही स्वस्त असो. पुन्हा डिझेलकडे वळायचं बोलणं सुरू झालं. एका स्टेशनसमोर गाड्यांची इतकी दाटी झाली की आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि ते बंद करावं लागलं, असंही तेव्हा छापून आलं. ब्रॉडवेच्या डेपोत निदान चालकाला ताटकळावं लागत नव्हतं.

२०१७ मध्येच अशोक झुनझुनवाला यांच्या समितीने भारतीय चार्जरचं मानक सुचवलं : ‘भारत एसी-००१’ आणि ‘डीसी-००१’. दुसरा जेमतेम १५ किलोवॅटचा, तेव्हाच्या कमी व्होल्टच्या गाड्यांना साजेसा. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात असे कितीतरी बसले. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन युरोपीय धाटणीचा ‘सीसीएस-२’ प्लग घेऊन आली आणि या चार्जरच्या गनकडे नव्या गाड्यांनी पाठ फिरवली. कॅलिफोर्नियाच्या पॅडलची गोष्ट कोणी वाचली होती की नाही, कोण जाणे.

सगळ्यात मोठा बदल मात्र कुठल्याही यंत्राने घडवला नाही. २००३च्या वीज कायद्यानुसार वीज विकायला परवाना लागतो. मग चार्जर लावणारा हॉटेलवाला वीज विकतो की काय? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये खुलासा केला, की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. तेव्हापासून ढाबा, मॉल, थिएटर, ज्याच्याकडे चार गाड्यांची जागा आहे असा कोणीही या धंद्यात उतरू शकला. डिसेंबरात मार्गदर्शक सूचना आल्या : शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक स्टेशन, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक स्टेशनं होती आणि ३,०७९ सह महाराष्ट्र पहिला. त्याच वर्षअखेरपर्यंत कर्नाटकाने आपल्याला मागे टाकलं.

आकडा काही असो, खरा कस एक्स्प्रेसवेवर लागतो. मुंबई-पुणे वाटेवरच्या फूड मॉलवर शनिवारी सकाळी पाहावं. अ‍ॅपवर चार्जर मोकळा असल्याची हिरवी खूण असते, आणि त्याच्यासमोर पेट्रोलची एखादी दांडगी एसयूव्ही निवांत उभी असते. मालक आत मिसळ खातोय. वॉचमन शिट्टी मारतो, गाडीचा नंबर पुकारला जातो. जागा मिळाली की गन खटकन बसते, मोबाइलवर ओटीपी येतो, चार्जरचा पंखा घरघरू लागतो. वडापाव आणि दोन चहा होईतो आकडा ४० वरून ७० वर. ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो, हे नवख्यांना ठाऊक नसतं. ते शंभराची वाट पाहत बसतात आणि मागचा तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहतो. अनुभवी माणूस ऐंशीला गन काढतो. घाट उतरताना बॅटरी थोडी भरते, चढताना मात्र आकडा भराभर खाली येतो, हा हिशेब पुण्याच्या चालकांना आता तोंडपाठ झाला आहे.

हार्टफर्डचा हिशेबही नव्या कपड्यांत परतला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने बॅटरीविना वाहन विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने ‘विंडसर’ आणली ती ९ लाख ९९ हजारांत, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं. हार्टफर्डमध्ये बॅटरी बदलून मिळे. इथे गाडी चार्जरलाच लावायची, म्हणजे जागा मालकानेच शोधायची.

ती जागा बहुतेकांसाठी सोसायटीचं पार्किंग असते. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला सरकारची मनाई नाही. पण मीटर असतो तळमजल्यावरच्या मीटर-रूममध्ये, गाडी उभी असते पलीकडच्या कोपऱ्यात, आणि मधली वीस मीटर भिंत सगळ्यांची. त्या भिंतीवरून केबल न्यायची तर कमिटीची एनओसी हवी. सेक्रेटरी आगीचं कारण काढतात, खजिनदार लोडचं विचारतात, एखादे काका ‘उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?’ म्हणतात, आणि विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर जातो. पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात, जिथे गाड्या रस्त्यावरच रात्र काढतात, तिथे एनओसी मागायची तरी कोणाकडे? रस्ता महापालिकेचा, वीज पुण्यात महावितरणची आणि गिरगावात बेस्टची, आणि गाडी रोज रात्री जिथे मिळेल तिथे उभी.