मेनूकडे परतण्याची वाट

मेनूतून आपण 'नवी नोंद' निवडली. काम झाल्यावर पुन्हा मेनूकडे यायचे कसे? वेन रॅटलिफ यांच्या 'व्हल्कन'मधून १९८०च्या दशकारंभी 'डीबेस टू' बाजारात आले. त्यातली 'गोटू' ही आज्ञा ठरावीक नोंदीवर नेई. आज्ञावलीत उडी मारता येत नसे. म्हणून 'डू व्हाइल'चे फिरते चक्र, त्यात 'डू केस'ने निवड आणि उपफाइलीच्या शेवटी 'रिटर्न', अशी रचना रुळली. 'रिटर्न'ऐवजी मेनूच पुन्हा 'डू'ने बोलावला, तर दर खेपेस एकेक आज्ञा-फाइल उघडी राही आणि अखेर काम अडे. डायक्स्ट्रा यांनी १९६८ साली अशा उड्यांविरुद्ध इशारा दिला होता. इथे उडी भाषेनेच रोखली. परतण्याची शिस्त मात्र आपल्यालाच पाळावी लागे.