जात्यापासून पेटीपर्यंत



आज बोलायचं आहे वाद्यांबद्दल. आधी एक साधा हिशेब करून बघा. तुमच्या गटात गाणं म्हणणाऱ्या बाया किती? कुणी ओवी म्हणते, कुणी गवळण, कुणी आरतीला आवाज लावते. बहुतेक सगळ्यांचेच हात वर होतील. आता वाद्य वाजवणाऱ्या किती ते मोजा. पेटी, पखवाज, तबला, ढोलकी, काहीही चालेल. फार तर एखादा हात वर होईल, पुष्कळ गावांत तोही नाही. गाणं सगळ्यांकडे आणि वाद्य कुणाकडेच नाही, असं का झालं? बाईला वाजवता येत नाही, म्हणून हे झालेलं नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. तो माहीत असला, तर आज पन्नाशीत पेटीला हात लावताना मनात जो संकोच येतो, तो कुठून आला ते कळतं.

सुरुवात करू पोरवयापासून. लहानपणी आपण वाजवत नव्हतो असं कुणी म्हणू नये. नवरात्रात भोंडला, कुठे त्यालाच हादगा म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. नागपंचमीला झिम्मा, फुगडी. मंगळागौरीला रात्रभर खेळ. या सगळ्यात ताल होताच, फक्त तो तबल्याचा नव्हता. टाळी वाजायची, पाय वाजायचे, बांगड्या वाजायच्या. सूप घेऊन नाचायच्या खेळात सूप हेच वाद्य. काही घरांत नवरात्रात अष्टमीच्या रात्री देवीपुढे घागर फुंकतात. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकर मारली की तिच्यातून घुमारा निघतो. बासरीत जे होतं तेच इथे होतं. हवा आत जाते आणि नाद बाहेर येतो.

आणि सगळ्यांत मोठं वाद्य होतं जातं. त्याची घरघर एकसारखी चालायची. खुंटा फिरवताना जो झोक यायचा, त्यावर ओवी बसायची. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या. एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, मार, भूक असं सगळं त्यात यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून आपल्या सहकारी बायकांना घेऊन गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांतली बहुतेक गाणी कधी कागदावर आली नव्हती. शाळा न पाहिलेल्या बायांनी हे भांडार तोंडपाठ ठेवलं होतं.

मग गावात पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट गेले आणि ते चांगलंच झालं. ज्यांनी पहाटे उठून पायली-पायली दळलं आहे, त्यांना जात्याचं कौतुक सांगायची गरज नाही. पण जातं कोपऱ्यात गेलं तशी ओवीची साथ गेली. गळा होता, शब्द होते, पण ज्यावर गाणं बसायचं ते वाद्यच घरातून उठलं. काम गेलं की बाईचं वाद्यही जातं. कारण तिच्या हातात वाद्य म्हणून कुणी काही दिलेलंच नव्हतं. सूप, घागर, मुसळ, जातं ही सगळी कामाची हत्यारं. काम करता करता त्यातून नाद निघाला, तर तेवढा चालायचा.

मग खरी वाद्यं कुणाकडे होती? ती जातीजातींत वाटलेली होती. सनई कुणी वाजवायची, संबळ कुणी, हलगी कुणी, हे गावानं ठरवून ठेवलेलं होतं. त्यातही वाजवणारे पुरुषच. कातडं लावलेल्या वाद्याला विटाळाची भीती जोडलेली, आणि बाईला तर महिन्याचा विटाळ चिकटवलेलाच. देवळातला पखवाज तिच्यापासून लांब ठेवायला एवढं कारण पुरे होतं.

पण काही बायांच्या हातात वाद्य होतं, हेही विसरून चालणार नाही. जेजुरीच्या खंडोबाची मुरळी घाटी वाजवायची. यल्लम्माच्या जोगतिणी चौंडकं आणि तुणतुणं घेऊन दारोदार फिरायच्या. या बाया देवाला सोडलेल्या. त्यांना संसार नाही आणि घराण्याचं नावही नाही. गावानं त्यांचं गाणं ऐकलं, त्यांना ओंजळभर जोंधळे घातले, पण मान दिला नाही. तमाशात बाई गायची, नाचायची, आणि तिच्यामागे ढोलकी, तुणतुणं पुरुषांकडे. त्या बाईला टाळ्या मिळाल्या, इज्जत मिळाली नाही. यातूनच समजूत पक्की झाली की वाद्य धरणारी बाई घरंदाज नाही. आपल्या आज्या-पणज्यांना कुणी बेड्या घातल्या नव्हत्या. 'लोक काय म्हणतील' एवढे तीन शब्द पुरले. आणि त्या तीन शब्दांची खरी किंमत मुरळी-जोगतिणींनी मोजली.

या समजुतीला फार पूर्वी एका बाईनं धक्का दिला होता. नामदेवांच्या घरी दासी असलेली जनाबाई. दळणारी, कांडणारी, शेण वेचणारी. तिच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ती स्वतः वाद्यं घेऊन उघड्यावर, लोकांसमोर जाण्याची भाषा करते. साडेसहाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आपण तो अभंग भक्तीनं म्हणतो, डोळे मिटून म्हणतो. पण त्यात एक कष्टकरी बाई वाद्य मागते आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता आपल्याच शेताकडे बघा. तंबोऱ्याला आणि सतारीला जो मोठा भोपळा लागतो, तो पंढरपूरच्या परिसरातल्या शेतांत पिकतो. तिथून तो मिरजेला जातो. मिरजेचे कारागीर दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे आणि सतारी घडवत आले आहेत, आणि २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे वेल आपल्या रानातला. त्याला पाणी घालणाऱ्या हातांत बायांचे हातही असणारच. पण भोपळ्याचा तंबोरा झाला, की तो आपल्या घरी परत येत नाही.

शहरात गोष्ट हळूहळू बदलत होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोपर्यंत गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागे. आता शाळेसारखं वर्गात बसून शिकता येऊ लागलं. सूर कागदावर लिहिण्याची पद्धत आली, पुस्तकं छापली गेली. घराबाहेर राहू न शकणाऱ्या मुलीसाठी ही मोठी सोय होती. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि बाई मानानं मंचावर बसून गाऊ शकते हे लोकांना दाखवून दिलं. तरी पुष्कळ वर्षं चित्र असंच राहिलं, की गाणारी बाई आणि मागे तबला-पेटीवर पुरुष.

आता त्या पेटीचीच कथा ऐका. आपल्याला वाटतं ती देवळाइतकीच जुनी आहे. तसं नाही. पॅरिस शहरात अलेक्झांद्र दबाँ नावाच्या कारागिरानं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पेटी टेबलाएवढी असायची, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचा. गोऱ्या लोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली. इथे खुर्चीवर कोण बसणार? कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात तिला जमिनीवर आणलं. मांडी घालून बसायचं, डाव्या हातानं भाता हलवायचा, उजव्या हातानं पट्ट्या दाबायच्या. परदेशी वस्तू आपल्या बैठकीला जुळवून घेतली गेली.

महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पेटीला घराघरांत नाव मिळवून दिलं. गोविंदराव टेंबे हे मोठे पेटीवादक. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. त्या काळी नाटकात बाईची भूमिकाही पुरुषच करत, बालगंधर्वांसारखे. म्हणजे लुगडं पुरुषाच्या अंगावर आणि पेटीही पुरुषाच्याच हातात!

पेटीचेही वाईट दिवस आले. तिचे सूर पक्के बसवलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची गळ्याची नजाकत तिला जमत नाही. शिवाय ती परदेशी. म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही. पण गावच्या देवळात, सप्ताहात, भजनी मंडळात ती वाजतच राहिली. गावकऱ्यांना विचारून कुणी बंदी घातली नव्हती, आणि गावकऱ्यांनी ती मानलीही नाही. सयांनो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या पेटीला मोठ्यांनी दाराबाहेर ठेवलं, तीच पेटी सामान्य माणसांनी जपली.

बायांच्या दृष्टीनं पेटीत एक मोठा गुण आहे. ती परक्या मुलखातून आली, त्यामुळे गावच्या कुठल्याच जातीच्या नावे ती लिहून ठेवलेली नव्हती. सनई-संबळासारखी वाटणी तिच्या वाट्याला आली नाही. सूर तयार असतात, पट्टी दाबली की बोलते. तंतुवाद्यासारखं दर वेळी तारा लावत बसायला नको. म्हणून गावागावांत महिलांची भजनी मंडळं उभी राहिली, तेव्हा बायांच्या हातात आधी टाळ आले आणि काही ठिकाणी त्यामागे पेटी आली. पण 'काही ठिकाणी'च. अजूनही पुष्कळ मंडळांत गाणाऱ्या पंधरा बाया आणि पेटीवर कुणाचे तरी काका किंवा दीर. ते आले तर भजन, नाहीतर नुसते टाळ.

यात अडचण फक्त वाट बघण्याची नाही. ज्याच्या हातात पेटी, त्याची पट्टी. पेटीवर कुठल्याही पट्टीला 'सा' मानून गाता येतं. वाजवणारा आपल्या सवयीच्या पट्टीवर सा धरतो, आणि पंधराजणींना त्यावर गावं लागतं. कुणाचा आवाज वर चिरतो, कुणाचा खाली बुडतो. मग म्हणतात, बायांचा गळा बसला. गळ्याला काही झालेलं नसतं, पट्टी दुसऱ्याची असते. पेटी आपल्यातल्या एकीच्या हातात आली, की सूर कुठे लावायचा हे आपण ठरवतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण या वयात बोटं वळतील का? कोवळ्या वयात बोटं लवकर चालतात, हे खोटं नाही. खुरपं आणि विळा धरून ताठलेल्या बोटांना वेळ लागतो. पण एक भांडवल आपल्याकडे आहे, जे दहा वर्षांच्या पोरीकडे नसतं. तिला गाणं आणि वाद्य दोन्ही नव्यानं शिकायचं असतं. आपल्या पोटात शेकडो चाली आधीच आहेत. आपल्याला चाल शिकायची नाही, फक्त ती कुठल्या पट्टीवर बसली आहे ते शोधायचं आहे. चुकीची पट्टी दाबली की आपला कान लगेच ओरडतो. तो कान चाळीस वर्षांच्या गाण्यानं तयार झालेला आहे.

सुरुवात अशी करून बघा. पेटी न उघडता रोजची आरती सहज आवाजात म्हणा. जिथे गाणं विसाव्याला येतं, तो सूर धरून ठेवा. मग पेटी उघडून एकेक पट्टी दाबा. जी पट्टी त्या सुरात मिसळते, तीच बहुतेक तुमचा सा. तिथून वर सा-रे-ग-म चढा आणि तसंच खाली उतरा. भाता जोरात ओढू नका, चुलीला फुंकर घालतो तसा सांभाळून हलवा. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा ते बरं. गटानं मिळून एक जुनी पेटी घेतली तरी भागतं. घेताना भाता भरून सोडा, हवा लगेच जात असेल तर घेऊ नका. प्रत्येक पट्टी दाबून बघा, कुठली मुकी आहे, कुठली दाबल्यावर अडकते. घरात ती ओलीपासून आणि उंदरांपासून जपा.

लोक हसतील. सुरुवातीला घरचेही म्हणतील, आता म्हातारपणी काय हे सोंग. पाळीचं कारण काढून कुणी पेटीला शिवू नको म्हणेल. तेव्हा आठवा, की हा नियम देवानं केलेला नाही. वाद्यं कुणाच्या हातात राहावीत, हे ठरवणाऱ्या माणसांनी तो केला. बचत गट सुरू झाला तेव्हाही लोक हसले होते. बायांना हिशेब काय कळतो, असं म्हणाले होते. आज वहीत सही कोण करतं, बँकेत कोण जातं, ते सगळ्यांना दिसतं आहे.

एक काम मात्र लवकर करायला हवं. ज्यांनी खरोखर जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ओवीची चाल गळ्यात असते, कागदावर उतरत नाही. शेजारच्या आजी बसल्या असताना त्यांची चाल पेटीवर शोधून ठेवली, तर जातं गेलं तरी ती चाल जाणार नाही. आणि आज अंगणात फेर धरणाऱ्या आपल्या नातीला एक गोष्ट लहानपणीच दिसेल, की आपली आजी वाजवते. तिला मग वाद्याला हात लावण्यासाठी पन्नाशीची वाट बघावी लागणार नाही.

तुमच्या गटात कुणी पेटी, ढोलकी, पखवाज शिकत असेल तर आम्हाला कळवा. सूर अजून कच्चा असला तरी चालेल. पुढच्या भागात तो आपण सगळ्या मिळून ऐकू. तोपर्यंत राम राम.