शिकल आणि कल्हई

शिकलगार हे आडनाव सांगली-साताऱ्याकडच्या मुस्लिम घरांत आजही आहे. शब्द मूळ अरबी ‘सैकल’वरून आलेला, म्हणजे हत्यार घासून लखलखीत करणाऱ्यांचं घराणं. 1878 च्या कायद्याने हत्याराला परवाना लागू लागला, आणि तलवारींबरोबर ही कामंही आटली.

मला मात्र गॅरेजातला पॉलिशवाला शिकलगारच वाटतो. 1924 च्या अमेरिकन ओकलंड मोटारींवर ‘ड्यूको’ हा झटपट सुकणारा रंग आला, पण सुकल्यावर तो मंद दिसे. चमक हाताने घासूनच काढावी लागे. पॉलिश रंगाचा बारीक थर खरवडतं, वॅक्स वर थर चढवतं. पहिली शिकल, दुसरी कल्हई. मशीन कडेवर जरा जास्त टेकलं की वरचा पारदर्शक थर गेलाच! तो किती उरलाय हे हाताने ओळखणाऱ्या पोराला आपण ‘गाडी पुसणारा’ म्हणतो.