सात जन्मांची पिशवी

इतिहासकारांनी पिशवीवर मोठा अन्याय केला आहे. कुठल्या लढाईत किती तलवारी होत्या, किती हत्ती होते, याचा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो. पण त्या हत्तींचा चारा कशातून आणला, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हे काम शेवटी माझ्यासारख्या पेन्शनरावर आलं. आमच्या घरात भाजीचं खातं माझ्याकडे असल्यामुळे या विषयातला माझा व्यासंग पुस्तकी नाही. बोटांना वळ उठेपर्यंतचा आहे.

प्राचीन काळ म्हणजे माझं लहानपण. त्या काळी पिशवी ही विकत आणायची वस्तू नव्हती. ती घरात आपोआप होत असे. वडिलांची पँट आधी गुडघ्यावर विरायची, मग ती धाकट्या काकांकडे जायची, आणि तिथेही तिने राम म्हटला की आई तिच्या पायाची पिशवी शिवायची. आमच्या एका पिशवीला पँटचा खिसा तसाच राहिला होता. रेशनकार्ड त्यात इतकं बेतशीर बसायचं, की पँट शिवणाऱ्या शिंप्याला भविष्य दिसत असावं. वाणी जिन्नस कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. पुडीचा दोरा घरी येऊन गुंड्याला गुंडाळला जायचा, कागद रद्दीत जायचा, आणि तेलाला किटली न्यावी लागायची. "पिशवी पुन्हा वापरता का हो?" असं त्या काळी कुणी विचारलं असतं, तर "तुम्ही धोतर पुन्हा नेसता का?" असं उत्तर मिळालं असतं. माणूस चपला घालायला वाकला, की आतून "अहो, पिशवी घेतलीत का?" हा आवाज यायचाच. पर्यावरणाचं सगळं खातं त्या एका वाक्यावर चालत होतं.

अर्वाचीन काळ सुरू होतो तो थेट स्वीडनमध्ये. तिथे नॉरशोपिंग नावाचं शहर आहे. नावातच शॉपिंग असल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या भाषेत त्या शेपटाचा अर्थ खरोखरच बाजारपेठ असा आहे. या शहरातल्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्टाफ थुलिन नावाचे एक इंजिनीअर होते. त्यांनी पॉलिथिनच्या नळीला घडी घालून, तळाला आणि वर चिकटवून, वरचा मधला तुकडा कापून काढला आणि गंजीफ्रॉकच्या आकाराची पिशवी केली. जोड नाही, शिलाई नाही, बंद वेगळे नाहीत. वजन चिमूटभर आणि त्यात बटाटे मावतात कितीतरी. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं.

या थुलिनसाहेबांबद्दल त्यांच्या मुलाने २०१९ साली जे सांगितलं, ते वाचून मला ते अगदी आमच्यातले वाटू लागले. साहेबांच्या खिशात म्हणे नेहमी एक पिशवी घडी घालून असे. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात, त्यापेक्षा ही टिकाऊ पिशवी माणसं वर्षानुवर्षं वापरतील अशी त्यांची कल्पना. एकदा वापरून लोक ती फेकून देतील हा विचारच त्यांना चमत्कारिक वाटला असता. म्हणजे जगातली पहिली प्लास्टिकची पिशवी पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच जन्माला आली होती! नंतर आलेल्या सगळ्या 'पुन्हा वापरण्याजोग्या' पिशव्यांकडे बघताना एवढं लक्षात ठेवावं.

आमच्याकडे ही पिशवी आली तेव्हा तिचं स्वागत माहेरवाशिणीसारखं झालं. ती धुतली जायची, दोरीवर चिमटा लावून वाळत घातली जायची. पावसात ती घड्याळाला, पाकिटाला आणि प्रसंगी टकलालाही उपयोगी पडायची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक 'पिशव्यांची पिशवी' असायची. तशी ती अजूनही घरोघरी आहे. मग ही पिशवी फुकट झाली. चार मिरच्यांना एक, कोथिंबिरीला एक, आणि त्या दोघी एकमेकींपासून दूर जाऊ नयेत म्हणून तिसरी. धुणारी बाई थकली आणि दारामागचा खिळा वाकला. खरी मेख म्हणजे पिशवी फुकट मिळते म्हटल्यावर दारातली ती हाक बंद झाली.

सरकारचं लक्ष गेलं ते जाडीकडे. त्यात तर्क होता. पातळ पिशवी कचरा वेचणारीला परवडत नाही. शंभर गोळा केल्या तरी वजन भरत नाही. जाड केली तर ती उचलली जाईल, शिवाय दुकानदाराला महाग पडेल, म्हणून तो हात आखडता घेईल. त्यामुळे १९९९ सालच्या केंद्राच्या नियमांत पिशवी २० मायक्रॉनची हवी होती, २०११ साली ती ४०ची झाली, २०१६ साली ५०ची, २०२१च्या सप्टेंबरअखेर ७५ची आणि २०२२च्या डिसेंबरअखेर १२०ची. लग्नानंतर माणसाचं होतं तसंच झालं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो भाजीवालीने कशाने मोजायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तिच्याजवळ तागडी असते.

महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राची वाट बघितली नाही, कारण मध्ये २६ जुलै २००५ येऊन गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई गळ्यापर्यंत बुडाली. एवढ्या पावसाने कुठलंही शहर बुडालं असतं. पण गटारांच्या तोंडाशी जे बोळे निघाले, त्यात आपल्या सगळ्यांच्या कोथिंबिरी होत्या. २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनची अट घातली. बांगलादेश तर आधीच या वाटेने गेला होता. १९८८ आणि १९९८च्या पुरांत पिशव्यांनी नाले तुंबले, म्हणून २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. तागाचं माहेरघर ते, त्यांना काय अवघड? पण २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना सुपरमार्केटांत ही बंदी नव्याने लागू करावी लागली. मधली बावीस वर्षं बंदी होती आणि पिशवीही होती. दोघी सुखाने नांदत होत्या.

आमची मोठी बंदी २३ मार्च २०१८ची. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांचा तुरुंग. ज्या टोपलीत सगळी मिळून हजाराची भाजी नाही, तिच्यावर हा दंड! जूनमध्ये दंडवसुली सुरू झाली तेव्हा आमच्या भाजीवालीने मेथीची जुडी माझ्या सदऱ्याच्या खिशात खोचली होती. सुपरमार्केटवाल्यांना तशी अडचण नव्हती. त्यांनी कापडासारखी दिसणारी पिशवी काढली. हाताला कापड, दिसायला कापड, पण जात प्लास्टिकचीच, पॉलिप्रॉपिलिन. तीही २०१८च्या यादीत होती, हे पुष्कळांना पिशव्यांचा संग्रह झाल्यावर कळलं. आता ठरावीक वजनाच्या वरची चालते. गल्ल्यावरची मुलगी "सर, बॅग?" विचारते, आणि सर ऑफिसातून परस्पर आलेले असल्यामुळे मान हलवतात. बाजाराला घरून निघायची पद्धतच उरलेली नाही, तर हाक मारणाऱ्याने कुठल्या दाराकडे बघून मारावी?

हे फक्त आपलंच असं समजून कुणी मान खाली घालू नये. कॅलिफोर्नियाने २०१६ साली राज्यभर पातळ पिशवी बंद केली आणि जाड पिशवी निदान दहा सेंटला विकायची परवानगी दिली. कायद्याची भाषा बघा: या पिशवीने बावीस पौंड वजन १७५ फूट, असं १२५ वेळा वाहून नेलं पाहिजे. आमच्या चाळीच्या हमालालाही नोकरीवर घेताना एवढं विचारलं नव्हतं. पिशवीने परीक्षा दिली. तिच्या मालकाची परीक्षा कुणी घेतली नाही. त्याने ती पहिल्याच फेरीनंतर कचऱ्यात टाकली. शेवटी २०२४ साली नवा कायदा करून १ जानेवारी २०२६पासून या जाड पिशव्याही बंद करायचं ठरलं. त्याच राज्याचे आकडे तपासून रेबेका टेलर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. फुकटची पिशवी बंद झाल्यावर लोक कचऱ्याच्या डब्यासाठी लहान पिशव्या विकत घेऊ लागले. त्यांचा खप दुपटीहून वाढला. वाचलेल्या प्लास्टिकपैकी २८ टक्के या मागच्या दाराने परत आलं. म्हणजे तिकडेही सिंकखाली 'पिशव्यांची पिशवी' होतीच!

आयर्लंडने मात्र कुणाला तुरुंगाचं भय घातलं नाही. २००२ साली पिशवीमागे पंधरा सेंट लावले आणि ते गिऱ्हाइकानेच द्यायचे असं ठरवलं. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत, त्या २१वर आल्या. आकडा पुन्हा चढू लागला तेव्हा, २००७ साली, बावीस सेंट केले. माझं मत विचाराल तर ही पंधरा सेंटांची करामत नाही. मागे रांग उभी असताना तोंड उघडून पिशवी मागावी लागते, ही करामत आहे. दारातली हाक त्यांनी गल्ल्यावर नेऊन बसवली.

इंग्लंडात माझा भाचा असतो. तिथे ऑक्टोबर २०१५पासून पाच पेन्स लागू झाले आणि पातळ पिशव्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पण तिथल्या सुपरमार्केटांत 'जन्माची पिशवी' म्हणून एक जाड प्रकार मिळतो. फाटली तर दुकान बदलून देतं. म्हणजे देह जीर्ण झाला तरी आत्मा चालू. २०१९ साली दोन पर्यावरण-संस्थांनी मोजलं, तर वर्षाला दीड अब्ज जन्माच्या पिशव्या खपलेल्या. घरामागे चोपन्न! आमच्याकडे बायका वडाला फेऱ्या मारून सात जन्म मागतात. इंग्रजाच्या घरात वर्षाला चोपन्न जन्म गाडीच्या डिकीत पडून असतात. भाचा म्हणतो, "मामा, पिशव्या गाडीत असतात, पण आठवण दुकानात शिरल्यावर होते."

कापडी पिशवीवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. ब्रिटिश पर्यावरण खात्याने २०११ साली हिशेब मांडला होता. हवेला होणाऱ्या उपद्रवाच्या मापाने, नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठे ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करते. तीच पातळ पिशवी तीनदा वापरली, तर सुती पिशवीला ३९३ फेऱ्या. समारंभांत, परिषदांत, लग्नांत जी कोरी कापडी पिशवी हातात देतात, ती या हिशेबाने कर्ज घेऊन जन्माला आलेली असते, आणि आमच्या कपाटात अशा अकरा कर्जबाजारी पिशव्या घडी घालून बसल्या आहेत. आईने शिवलेल्या पिशवीवर असलं कर्ज नव्हतं. ते पँटने आधीच फेडलं होतं.

त्याच ब्रिटिश हिशेबात जाड प्लास्टिकची, जन्माची पिशवी चार फेऱ्यांत सुटते. भाच्याने २०१९ साली येताना चॉकलेटं अशाच एका पिशवीतून आणली होती. चॉकलेटं दोन दिवसांत संपली; पिशवीवर आमच्या हिने ताबा मिळवला. तेव्हापासून ती दर आठवड्याला दळणाला जाते. एकदा तिचा बंद तुटला तो कोपऱ्यावरच्या चांभाराने शिवून दिला, आणि सुपरमार्केटचं नाव पिठाने कधीच पुसून गेलं. गिरणीवाल्याला मात्र ती लांबून ओळखू येते. मी दिसलो की तो आत पोऱ्याला ओरडून सांगतो, "अरे, इंग्लंडची ज्वारी आली, जरा बारीक काढ!"